आक्का, खिसा किती खोल ठेवायचा?

आक्का, तुमच्या ड्रेसचं मी आता काय करू ते आधी सांगा. बाकीचं नंतर बोलू.

तुमची पूजा रविवारी अंबाजोगाईहून येतेय. नर्सिंगचं कॉलेज, एका दिवसाची सुट्टी, आणि तेवढ्यात तिला तो जांभळा ड्रेस तिच्या मापाचा करून हवाय. फोनवर म्हणाली, "काकू, आईनं माझ्यासाठी शिवलेला शेवटचा ड्रेस हाय. टेलरकडं नका देऊ. तुमीच फिटिंग करा." मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तो ड्रेस तिचा नाही, तुमचा आहे, हे या घरात दोघींनाच माहीत होतं. त्यातल्या एकीनं तर मला न विचारता गाशा गुंडाळला.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, भांडी ज्याची त्याच्याकडे परत गेली. माझं मात्र बूड टेकत नाही. भाकरी थापता थापता हात धुते, मशीनपाशी जाते, ड्रेस उलटा करून बघते, घडी घालते, पुन्हा चुलीपाशी येते. आत्याबाई ओसरीवरून ओरडतात, "मंदे, तवा जळायलाय! ध्यान कुटं हाय तुजं?" सासूला आत्याबाई म्हणायचं हे मी तुमच्याकडूनच शिकले. लग्न होऊन सिरसाळ्याजवळच्या या मळ्यात आले तेव्हा तुम्ही थोरली जाऊ म्हणून दारात उभ्या होता, आणि माझ्या ब्लाउजकडे बघून पहिलं वाक्य बोललात ते हे, "बाही लई आवळायली की गं. उद्या सैल करून देते." नव्या नवरीला कुणी असं बोलतं का? मला राग आला होता. बाही मात्र खरंच आवळत होती.

तर त्या ड्रेसबद्दल. मी आज तुमच्याशी भांडणार आहे, कारण हे सगळं तुमच्या खोटं बोलण्यानं झालंय. सिरसाळ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात तुम्ही जांभळ्या कापडाच्या ठाणावर हात ठेवला, पांढऱ्या बारीक ठिपक्यांचं कापड, आणि दुकानदारानं विचारण्याआधीच म्हणालात, "लेकीसाठी पायजे." त्या बिचाऱ्यानं विचारलंही नव्हतं. घरी आल्यावर आत्याबाईंनी पिशवी चाचपली तर तेच, "पूजीला हाय." मी माझं मोरपंखी कापड पदराखाली धरून उभी होते. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आन् ह्ये?" तुम्ही पटकन म्हणालात, "त्येबी पूजीलाच." एका पोरीला दोन ड्रेस, आणि दोन्हींची मापं तिच्या आईकाकूची!

आपल्या घरातला कायदा तुम्हाला माहीत होताच. लेकींनी ड्रेस घातला तर चालतो, सुनांनी नाही. गाऊन मात्र चालतो. दिवसभर अंगात गाऊन आणि खांद्यावर टॉवेल टाकून आपण गोठ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत हिंडतो, तेव्हा घराची अब्रू टॉवेलाखाली सुखरूप असते. ड्रेस घातला की ती जाते. कुणी केला हा कायदा, विचारायची सोय नाही. मी एकदा विचारलं होतं तर तुम्हीच मला गप्प केलंत, "मंदे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आदी शिवू तर दे."

आणि हे खूळ तुमच्या डोक्यात कुठून आलं, तेही लिहून ठेवते. नारायणगडाला दर्शनाला गेलो होतो. गर्दी, धूळ, आत्याबाईंचा हात धरून आपण दोघी रांगेत. दाराशी बंदोबस्ताला एक पोलीसबाई उभी होती. आपल्याच वयाची असेल. गर्दी जरा ओसरली तशी तिनं दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि भिंतीला पाठ लावून नुसती उभी राहिली. कुणाशी बोलत नव्हती, कुणाला हाकत नव्हती. तुम्ही देवाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होता. जीपमध्ये बसल्यावर तुम्ही माझ्या कानाशी लागलात. "बगितलीस का ती बाई? काय झ्याक उबी व्हती गं. हातात काईच न्हाई."

मला वाटलं, झालं, विसरल्या असतील. कसल्या विसरताय!

पूजाचा एक जुना ड्रेस तुम्ही शिवण न् शिवण उसवला. त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर पसरले, कडेनं पेन्सिल फिरवली, झाला आपला कागद. कागदी कटिंग म्हणतात त्याला, ते मला माहीत होतं, कारण मी लग्नाआधी परळीत शिवणक्लास केला होता आणि ते सर्टिफिकेट तुम्हाला येता-जाता ऐकवत होते. पण पूजा काडीसारखी, आणि आपण दोघी कशा ते लिहायला नको. मापं घ्यायला लागलो. इथं आपण दोघींनी जे केलं, ते आठवलं की आत्ताही हसू येतं आणि हसता हसता दुसरंच काही होतं.

आपण मापं साडीवरून घेतली.

निऱ्या खोचलेल्या, त्याखाली परकराची गाठ, वर कमरेला आवळलेला पदर, आणि त्या सगळ्यावरून मी टेप गुंडाळली. तुम्ही सरळ उभ्या. मला शिवणक्लासवालीला सुचलं नाही, तुम्हाला सुचलं नाही. साडी काढून माप घ्यायचं हे आपल्या डोक्यातच आलं नाही. साडी म्हणजे अंगच की. मग त्या मापानं पूजाचा कागद चहूबाजूंनी वाढवला, गळासुद्धा, आणि जुन्या पोपटाच्या छापाच्या चादरीतून ट्रायल शिवली. दार लावून तुम्ही ती अंगात घातलीत. गळा खांद्यावरून ओघळून कोपरात आला. पोटापाशी एक ज्वारीचं पोतं आणखी मावलं असतं. तुम्ही खाली बघितलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मी हसू दाबत होते. तुम्ही हसल्या नाहीत. कापड दोन्ही मुठीत धरून, अंगाभोवती ओढून म्हणालात, "मंदे, आपन यवढ्याच हाव का गं? बाकी सगळी साडीच व्हती का?"

मग मात्र हसायला लागलात ते थांबेनात. बाहेरून आत्याबाई, "काय झालं गं? कावून खिदळायल्यात?" आणि आपण तोंडात चादर कोंबून.

दुसऱ्यांदा माप घेतलं ते परकर-ब्लाउजवर. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. तुमच्या पाठीवरून टेप फिरवताना मला दिसलं की तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली आहे. इतक्या वर्षांत मला दिसला नव्हता. पदराखाली काय दिसतं! मी तसं म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "असंल. घागरीचा हाय, न्हाईतर पूजीचा. दोगीबी त्याच बाजूला बसायच्या." नेहमी कागद मधोमध घडी घालून अर्धाच काढतात, दोन्ही बाजू सारख्या येतात. तुमचा तसा काढता येईना. मी तुमचा कागद अख्खा काढला. डावं वेगळं, उजवं वेगळं. क्लासच्या बाईंनी बघितलं असतं तर माझ्या हातावर पट्टी मारली असती. पण ड्रेस तुमच्या अंगावर असा बसला की तुम्ही आरशासमोरून हलायला तयार नव्हता.

पण त्याच्या आधी खिशाचं भांडण झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी म्हणत होते, खिसा नको. बाजूच्या शिवणीत खिसा घातला की तिथं कापड फुगतं, झोल पडतो, चांगल्या ड्रेसची शोभा जाते. तुम्ही म्हणत होता, खिसाच पायजे. एक नाही, दोन. मी म्हटलं, मोबाइल ठेवायला एक पुरे, चार बोटं खोल. तुम्ही म्हणालात, "मोबाइल न्हाई ठिवायचा." मग काय ठेवणार? पैसे? किल्ल्या? "काई न्हाई. हात ठिवीन की." मला कळेना. "नुसते हात?" "व्हय. नुसते. मनगटापरेंत बुडाले पायजेत." मी म्हटलं, आक्का, बांगड्या अडकतील. तर तुम्ही सरळ कागदावर हात पसरलात, बांगड्यांसकट, आणि म्हणालात, "काढ रेघ." मी तुमच्या हाताभोवती पेन्सिल फिरवली. बोटं फाकलेली, अंगठा बाहेर, आणि मनगटाशी बांगड्यांमुळे रेघ एकदम रुंद. त्याच्या बाहेरून तुम्ही खिशाचा गोल काढला आणि कापला. तोही कापडाच्या कात्रीनं! कापडाच्या कात्रीनं कागद कापायचा नाही, धार जाते, हे मी तुम्हाला सांगून सांगून थकले होते. "जाऊ दे गं धार," म्हणालात. त्या कात्रीनं आता खरंच काही कापलं जात नाही.

माझ्या ड्रेसला मी खिसे ठेवले नाहीत. हट्टानं. तुमचा जांभळा खिशांचा, माझा मोरपंखी बिनखिशाचा. बघू कुणाचा छान दिसतो, असं ठरलं होतं.

आता तुम्हाला एक विचारते. आपले कपडे आपण शिवतो म्हणून मी ऐटीत सांगत फिरते, पण स्वतःची पाठ स्वतःला दिसते का? पुढचं सगळं जमतं. छाती, पोट, बाही, आरशात बघून टाचण्या लावता येतात. पाठीला दुसरं माणूस लागतंच. तुमची पाठ मी बसवली. मानेखाली कापड उभं राहत होतं, ते दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून आत घेतलं, उजव्या खांद्याला थोडं जास्त. तुम्ही एक क्षण स्थिर राहत नव्हता, आणि मी पाठीमागून ओरडत होते, "हालू नका की!" मग काही दिवसांनी माझी पाळी आली. तुम्ही तोंडात टाचण्या धरल्या, माझ्या मागं उभ्या राहिलात, आणि तेवढ्यात गोठ्यातून गाय सुटल्याचा आरडाओरडा झाला. टाचण्या डबीत टाकून तुम्ही पळालात. "उद्या करू" म्हणालात.

तो उद्या आलाच नाही, मी कुणाला जाब विचारू?

आधी कुणी घालायचा यावरही वाद होता. मी म्हणाले, तुम्ही थोरल्या, तुम्ही आधी घालून ओसरीवर या, मग मी. तुम्ही म्हणालात, "तू बारकी, तुला रागावलं तरी माया करत्यात. आदी तू." चांगल्या भित्र्या होता तुम्ही. मी पण होते. तुमचा ड्रेस खालची दुमड सोडून पुरा तयार होता आणि तरी तुम्ही मशीनच्या टोपाखाली घडी करून ठेवला होता. दुपारी आत्याबाई झोपल्या की तुम्ही तो काढायच्या, अंगात घालायच्या, दोन्ही खिशांत हात घालून खोलीतल्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. कधी काही बोलायच्या नाहीत. मी शेंगा फोडत बसलेली असायची. मला तेव्हा वाटायचं, ह्या बाईला काय येड लागलंय. आता वाटतं, तुम्हाला इतकं गप्प आणि इतकं खूश मी दुसऱ्या कशात बघितलं नाही.

मग मळ्यात तुमच्या छातीत कळ आली आणि अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या वाटेवरच तुम्ही गेलात. त्या दिवसाबद्दल मला जास्त लिहायचं नाही. लिहायला घेतलं की उठावं लागतं.

एवढंच सांगते. तुम्हाला नेसवायला मीच होते. माहेरची हिरवी साडी आली, हिरवा चुडा आला, बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या. माझ्या मनात येत होतं, पलीकडच्या खोलीत टोपाखाली तो ड्रेस आहे. बोलले नाही. बोलले असते तर मला वेड लागलंय म्हणून बाजूला बसवलं असतं. आणि खरं सांगू, तो मेल्यावर घालायचा नव्हताच तुम्हाला. तुम्हाला तो घालून उभं राहायचं होतं. तुमचे हात मी दोन्ही बाजूंना सरळ ठेवले. त्यांना काही काम नव्हतं. मला ते बघवेना, मी बाहेर आले.

तेराव्यानंतर पूजा मशीन पुसत होती. टोप उचलला, ड्रेस निघाला. ती तशीच घेऊन ओसरीवर आली. आत्याबाई म्हणाल्या, "तुज्याच मायनं तुज्यासाटी शिवलाय त्यो. मला सांगितलं व्हतं तिनं." पूजानं तो छातीशी धरला आणि तेराव्यापर्यंत न रडलेली ती पोर तिथंच बसून रडली. मी दारात उभी. आता सांगा, तेव्हा काय बोलायचं होतं मी?

सांगितलं नाही तर तुम्ही आयुष्यात एकच कापड स्वतःसाठी कापलंत, तेही लेकीच्या नावावर जाणार. ब्लाउज, परकर, पोरांचे शर्ट, आत्याबाईंच्या चोळ्या, गल्लीतल्या बायकांच्या बाह्या, सगळं दुसऱ्यांचं शिवलंत. सांगितलं तर त्या पोरीच्या हातातून आईची शेवटची वस्तू काढून घेतल्यासारखं होईल. तिचं अंग तुमच्या निम्मं. बारीक करायचा तर दोन्ही बाजूंनी चांगलं वीतभर कापड आत घ्यावं लागणार, आणि तेवढं आत ठेवून चालत नाही, कापावंच लागतं. खांदाही सरळ करावा लागणार. एकदा कापलं की तुमचं माप गेलं. इकडे आड, तिकडे विहीर. तुम्ही मात्र वरून मजा बघताय.

हे इथपर्यंत लिहून ठेवलं आणि उठले. मध्ये रविवार होऊन गेला. आता पुढचं लिहिते.

पूजा सकाळच्या गाडीनं आली. हातपाय धुतले, भाकरी खाल्ली न खाल्ली, आणि ड्रेस घालून आरशासमोर उभी राहिली. मी मागं. तोंडात टाचण्या मुद्दाम धरल्या, म्हणजे बोलायला नको. तुम्हीही तेच करायच्या ना, कुणाशी भांडण टाळायचं असलं की?

ती आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, ह्यो उजवा खांदा वाकडा कापलाय का?" माझ्या तोंडात टाचण्या. "आई असं कापत न्हाई. ती रेघेरेघेनं जाते." ती डाव्या खांद्यावरून हात फिरवून उजव्यावर आली, पुन्हा डाव्यावर. मग तिचे हात खाली आले आणि शिवणीत शिरले. मनगटापर्यंत. ती थांबली.

"काकू, खिसे हायत."

मी टाचण्या दातांत आणखी घट्ट धरल्या.

"माज्या कॉलेजच्या ड्रेसला मी मागं खिसा मागितला व्हता. पोरीच्या जातीला कशाला पायजे म्हणली व्हती ती. मग ह्याला कावून ठिवला?" ती वळली. "काकू. कुणाचा हाय ह्यो?"

मी एकेक टाचणी काढून डबीत टाकली. टाचण्या संपल्या. "तिचा," म्हणाले.

तुमची लेक रडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली. तुमचीच ती. "मला कावून सांगितलं न्हाई तिनं? मी काय हसले आसते का?"

"हसली असतीस," मी म्हणाले.

तिनं आरशाकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय. हसले आसते," आणि तिथंच खाली बसली, खिशातले हात न काढता. मी तिला सगळं सांगितलं. पोलीसबाई, पोपटाची चादर, साडीवरून घेतलेली मापं, भिंतीला टेकून उभं राहणं. चादरीचं ऐकून हसली, भिंतीचं ऐकून रडली. मी पण. आपल्या घरात असं दोघींनी मिळून मोठ्यानं रडायला तो रविवार उजाडावा लागला.

आणि ओसरीवर आत्याबाई बसलेल्या, हे आम्ही दोघी विसरलो. त्या दारात आल्या. सगळं ऐकलं होतं. "म्हंजी मला खोटं बोलली ती," म्हणाल्या. "कावून? म्या काय खाल्लं आसतं का तिला?" त्यांच्या आवाजात राग शोधत होते, तो नव्हता. मी म्हणाले, "आत्याबाई, तुमच्याच भ्यानं." इतकं सरळ मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्या उंबऱ्यावर बसल्या. पूजाकडे बघितलं. मग तिला जवळ बोलावलं, आणि तुमच्या खिशात आपला हात घातला. चाचपला. "लई खोल हाय गं," म्हणाल्या. आणि हात लगेच काढला नाही.

मी पूजाला विचारलं, "मग काय करू? बारीक करू का?" कात्री शेजारीच होती, नवी आणलीय.

ती उभी राहिली, ड्रेस अंगावर सैल लोंबत होता, एक खांदा उतरलेला. "कमी करू नका, काकू," म्हणाली. "मी तिच्याएवडी होईन तवा आपोआप बसंल."

आक्का, मी गेले काही दिवस ज्या प्रश्नापायी तवे जाळत होते, तो या पोरीनं असा निकालात काढला. खालची दुमड मात्र मी हातानं घालून दिली. तेवढं राहिलं होतं तुमचं.

मग तिनं मला पकडलं. "तुमचा कुटंय?" मी उडवाउडवी केली, तिनं ऐकलं नाही. मोरपंखी ड्रेस काढायला लावला, घालायला लावला, आणि माझ्या मागं जाऊन उभी राहिली. टाचण्या तोंडात. नर्सिंगवाली पोर, तिला शिवणातलं काय कळतंय, पण चिमटीत कापड धरलं ते अगदी बरोबर जागी, मानेखाली. मी चुळबुळ करत होते. मला आजकाल स्थिर राहता येतच नाही. मागून आवाज आला, "हालू नका की!" आणि मी हालले नाही.

तसं पाहिलं तर आत्याबाईंनी अजून पूर्ण परवानगी दिलेली नाही. दुपारी मला म्हणाल्या, "मळ्यात जाताना घाल. गावात नगं." म्हणजे तुमच्या भाषेत, अर्धा गड आला. रात्री टाचण्यांच्या जागी शिवण घातली आणि सोमवारी मी ड्रेस घालून, ओढणी घेऊन, बांधाबांधानं वांग्यांपर्यंत जाऊन आले. कुणीही भेटलं नाही. भेटावं असं वाटत होतं. पाय मोकळे पडत होते, आणि त्या मोकळेपणाचा मला इतका राग आला की काय सांगू, कारण तो दोघींनी मिळून घ्यायचा होता. तुम्ही आधी की मी आधी, हे भांडण मी जिंकले म्हणायचं का हरले? वांग्यांच्या कडेला उभी राहिले. मुकादमासारखे हात कमरेवर ठेवून बघितले, मग हातांची घडी घातली, मग ओढणीचं टोक धरलं. हातांचं काय करावं तेच कळेना.

घरी आले आणि माझ्या चांगल्या ड्रेसची बाजूची शिवण उसवली. दोन्हीकडची.

तुमचा कागदाचा गुंडाळा सोडला. खिशाचा तुकडा त्यातच होता, वर्तमानपत्राचा, कडा कातरलेल्या, त्या बोथट कात्रीच्या. मधोमध पेन्सिलनं काढलेला तुमचा हात. मी माझा हात त्यावर ठेवला. आक्का, माझा हात तुमच्यापेक्षा बराच लहान आहे. बोटांच्या पुढे रेघ उरते, मनगटाशी तर बांगड्यांची जागा दोन्हीकडे रिकामी राहते. माझ्या मापाचा खिसा करायचा तर कागद चहूबाजूंनी आत घ्यावा लागेल.

नाही घेत. मोरपंखी कापड उरलंय, त्यावर तुमचा तुकडा टाचलाय, आणि आहे तसाच कापतेय.